समुद्रावरील बिऱ्हाड

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोटींत पाय ठेवला कीं कांहीं मिनिटांतच मांडवीपलीकडील दिवाडी बेट येतें. पूर्वीं श्रीसप्तकोटेश्वराचें स्थान ह्याच बेटावर होतें. पोर्तुगीजांनीं देवालय पाडल्यावर देव पलीकडे नार्व्यास नेले गेले आणि शिवछत्रपतींनीं १६६८ सालीं तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला, हें वाचकांस ठाऊक असेलच. आम्ही मात्र देवदर्शनास गेलों नव्हतों. ‘म्हादेई’ व ‘तारिणी’ ह्या नौदलाच्या दोन्ही शिडाच्या नौका ह्याच बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधल्या गेल्या. त्या जन्मस्थानास बाहेरून नमस्कार करून आम्ही पुढें निघालों. आमच्या थोरल्या बंधूंची नात गेल्या कार्तिकापासून मांडवींत नांगरलेल्या एका शिडाच्या नौकेवर राहून ती चालविण्याचें व राखण्याचें शिक्षण घेत आहे. वहिनींस ही गोष्ट मुळींच रुचलेली नाहीं. “भावोजी, तुम्ही स्वतः पाहून या आणि मग काय तें सांगा,” असें त्या म्हणाल्या, म्हणून हा प्रवास.

समुद्रयात्रा कलिवर्ज्यांत घातलेली आहे, हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु ज्या भाषेंत हा निषेध लिहिला गेला तींतच नौ, तरी, पोत, उडुप असे नावेचे कितीतरी शब्द आहेत. समुद्राशीं ज्यांचा परिचय नाहीं त्यांना एवढे शब्द लागत नाहींत. शिवाय वहिनींचा आक्षेप शास्त्राचा नव्हेच. पोरगी निजते कोठें, जेवते काय आणि बुडणार तर नाहीं ना, एवढेंच त्यांना हवें होतें.

कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून ‘म्हादेई’वर एकटे निघाले आणि वाटेंत चार बंदरें घेऊन १९ मे २०१० रोजीं परतले. शिडाच्या नावेतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ही कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. पूर्वीं कोणींच न केलेली गोष्ट शिकवावी कोणीं, हा प्रश्न आला तेव्हां दोंदे सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांजकडे गेले. ह्या गृहस्थांची ३२ फुटी ‘सुहैली’ आमच्या मुंबईसच सागवानी लांकडाची बांधलेली. अरबी खलाशी एका वाऱ्यास सुहैली म्हणतात. आणि सुहैल म्हणजे आपला अगस्त्याचा तारा! समुद्र प्राशन करणाऱ्या मुनीचें नांव तिला फारच लागू पडलें, कारण १९६८ सालीं कोठेंही न थांबण्याच्या प्रदक्षिणेस निघतांच तीही समुद्र पिऊं लागली. तळच्या कण्याजवळील सांधा उघडला होता. भर समुद्रांत बुड्या मारून त्यांनीं त्यावर कापूस व डांबरी कॅनव्हासची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनीं ठोकली. पुढें पिण्याचें पाणीही नासलें, तेव्हां पावसाचें धरून ठेविलें. एप्रिल १९६९ मध्यें ते परत पोंचले.

आम्ही नौकेवर तीन दिवस राहिलों. बिछाना म्हणजे दोन हात रुंदीची फळी. रात्रीं पडूं नये म्हणून तिला कॅनव्हासचा पडदा बांधतात. चूल दोन कड्यांवर टांगलेली असल्यामुळें नाव कलली तरी आमटी सांडत नाहीं. भांडीं खाऱ्या पाण्यानें घासून शेवटीं वाटीभर गोड्या पाण्यानें विसळावयाचीं. आमच्या घरीं दोन बादल्या ओतणारी ही मुलगी आतां तांब्याभर पाण्यांत तोंड धुते!

सकाळचें पहिलें काम तळाचा उंबरठा उचलून आंत सांचलेलें पाणी पाहणें. “आजोबा, जिभेला लावून पाहा,” ती म्हणाली. खारट लागलें तर समुद्र आंत आला, गोड लागलें तर टांकी गळते. आम्हीं आयुष्यभर व्याकरण शिकविलें, परंतु इतकी सोपी परीक्षा कधीं काढली नाहीं. दोर कप्पीशीं घासून झिजतो, म्हणून तो मधून मधून वीतभर सरकवावा लागतो. सुकाणूजवळ जस्ताचा ठोकळा बसविलेला असतो; खाऱ्या पाण्यांत धातू धातूस खातो, तेव्हां मोलाच्या भागांऐवजीं हें जस्त खाल्लें जावें अशी योजना. तें निम्मे झालें कीं नवें बसवितात. पावसाळ्यांत नाव किनाऱ्यावर ओढून बुडाचे शिंपले खरवडणें व रंग देणें हें निराळेंच.

सर्वांत कठीण काय, असें विचारलें. ती म्हणाली, “माणसें.” २०१७ च्या सप्टेंबरांत सहा स्त्री-अधिकारी ‘तारिणी’वरून गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्यें पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. छपन्न फुटी नावेत आठ महिने सहा जणी! मोठ्या वाड्यांतील आमच्या लेकीसुनांस निदान माहेर तरी असतें. परततांना सुकाणूची यंत्रणा बिघडली, तेव्हां मॉरिशसला थांबून ती दुरुस्त करून घ्यावी लागली.

आम्हीं वहिनींस पत्रानें सर्व कळविलें. निजण्याची सोय अरुंद पण स्वच्छ, जेवण साधें, वाऱ्यांत डेकवर जातांना कमरेस पट्टा बांधून तो दोरास अडकविण्याची सक्ति. बुडण्याचें भय मुळींच नाहीं असें आम्हीं लिहिलें नाहीं, कारण तें खरें नाहीं. दसऱ्यानंतर नौका कारवारकडे निघावयाची आहे. वहिनींचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.