बिघाडाचा शोध

कोठेंही बिघाड झाला कीं मनुष्य प्रथम कोणास तरी दोष देतो आणि विचार मागाहून करतो. हा क्रम उलटा करण्यास शिकणें हें मोठेंच शिक्षण होय, असें गतवर्षीं आमच्या घरीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगावरून मला वाटूं लागलें आहे.

आमचें घर नारायणगांवाजवळ. थोरल्या बहिणीच्या महाविद्यालयीन अभ्यासासाठीं मामांनीं आपला जुना लॅपटॉप पाठविला. तो कांहीं वर्षें कपाटांत बंद पडून होता. घरच्या वायफायशीं तो जोडला, जोडणी झाल्याची खूणही पडद्यावर उमटली. परंतु इंटरनेटवरील एकही पान उघडेना. ताईला आठ दिवसांच्या आंत प्रकल्प लिहून धाडावयाचा होता. शेजारची मंडळी जमली. कोणी म्हणाले, लाइन गेली. कोणी म्हणाले, यंत्र जुनें झालें, नवें घ्या. टोमॅटोच्या रोपांसाठीं राखून ठेविलेले पैसे काढण्याची तयारी वडिलांनीं केली. तेव्हां ताई म्हणाली, “बाबा, आजचा दिवस थांबा. रोग कळल्यावांचून औषध कशाला?”

वाचकहो, येडगांव आणि डिंभें या धरणांच्या कालव्यांचा हा मुलूख आहे. शेतांत पाणी पोहोंचेनासें झालें, तर शहाणा शेतकरी धरणाला शिव्या देत बसत नाहीं. तो पाटाच्या कडेनें चालत जातो आणि पाणी कोठपर्यंत येतें तें पाहतो. ताईनें तेंच केलें.

प्रथम तिनें आईच्या फोनवरील मोबाईल डेटा बंद करून तो केवळ वायफायवर चालविला. पानें भराभर उघडलीं. म्हणजे बाहेरून येणारी लाइन आणि घरांतील राउटर हीं दोन्हीं निर्दोष ठरलीं. तरीही राउटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हां चालू केला. फरक पडला नाहीं. मग लॅपटॉपला मिळालेला अंकी पत्ता पाहिला. तो १९२.१६८ या अंकांनीं सुरू होत होता. तो १६९.२५४ नें सुरू झाला असता, तर राउटरकडून पत्ता न मिळाल्यामुळें लॅपटॉपनें तो स्वतःच मनानें घेतला, असें समजावयाचें. तसें नव्हतें. शेवटीं ‘पिंग’ या आज्ञेनें दूरच्या एका संगणकास हांक मारली, तों त्याचें उत्तर आलें. म्हणजे रस्ता शेवटपर्यंत मोकळा होता. अडवणूक दारांतच होत होती.

आतां पडद्यावरील सूचना आम्हीं प्रथमच नीट वाचली. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राची तारीख ग्राह्य नाहीं, असें तींत लिहिलें होतें. कोपऱ्यांतील घड्याळ पाहिलें, तर तेथें २०१६ सालचा जानेवारी महिना चालू! सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटविण्यासाठीं एक प्रमाणपत्र दाखवितें आणि त्यावर मुदतीचा आरंभ व शेवट लिहिलेला असतो. वर्षानुवर्षें मागें राहिलेल्या त्या लॅपटॉपला आजचें प्रत्येक प्रमाणपत्र भविष्यांतील वाटे. म्हणून तो सर्वांस नाकारी. यंत्र बंद असतांना घड्याळ चालतें ठेवणारी नाण्याएवढी बॅटरी संपली होती. तारीख दुरुस्त करतांच पानें उघडलीं. पुढें अल्प किंमतींत नवी बॅटरी बसविली आणि रोपांचे पैसे रोपांसाठींच राहिले.

वेळेचें हें महत्त्व पाहून मला आमच्याच तालुक्यांतील खोडद आठवलें. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं १९९० च्या दशकांत तेथें उभारलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या, ३० तबकड्या आहेत. त्यांपैकीं १४ मध्यभागीं असून बाकीच्या तीन दिशांस दूरवर पसरल्या आहेत. आकाशांतून येणारी एकच लहर त्यांवर निरनिराळ्या क्षणीं पोहोंचते. तो सूक्ष्म फरक हिशेबांत घेऊन सर्वांची वेळ जुळविली, तरच त्या मिळून एका दुर्बिणीचें काम करतात. वेळ जुळली नाहीं, तर सर्व तबकड्या धडधाकट असूनही चित्र उमटावयाचें नाहीं. आमच्या लॅपटॉपचेंही तेंच झालें होतें.

शिवाय वायफायचें आणि रेडिओ खगोलशास्त्राचें जुनें नातें आहे. ऑस्ट्रेलियाचे जॉन ओसलिव्हन हे १९७० च्या दशकांत कृष्णविवरांच्या स्फोटांतून येऊं शकणाऱ्या क्षीण रेडिओ लहरी शोधीत होते. त्या हातीं लागल्या नाहींत. परंतु विस्कटलेली लहर गणितानें सावरण्याच्या त्या कामाचा अनुभव, घरांतील भिंतींवर आपटून मागेंपुढें येणाऱ्या लहरींचा गोंधळ निस्तरतांना त्यांस व त्यांच्या सहकाऱ्यांस उपयोगी पडला. त्यांच्या पद्धतीस १९९६ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें. शोध फसला, तरी शोधण्याची रीत वायां गेली नाहीं.

आमच्या प्रसंगांत लाइन दोषी नव्हती, राउटर दोषी नव्हता आणि यंत्राचें म्हातारपणही दोषी नव्हतें. दोषाचें खापर ज्याच्या त्याच्या माथीं फोडीत राहिलों असतों, तर पैसे गेले असते आणि कारण तसेंच अज्ञात राहिलें असतें. म्हणून विद्यार्थिमित्रांस माझें एवढेंच सांगणें आहे: यंत्र असो, अभ्यास असो वा मित्रांतील तेढ असो, “चूक कोणाची?” हें विचारण्यापूर्वीं “कोठपर्यंत सर्व ठीक आहे?” हें विचारावें. पहिल्या प्रश्नानें भांडण वाढतें. दुसऱ्यानें वाट सांपडते.