मूळचे कुठले?

हैदराबादेत मराठी माणूस घरी आला की चहाच्या आधी प्रश्न येतो, "तुम्ही मूळचे कुठले?" आमच्या तीन पिढ्या इथं गेल्या, तरी आई बीडकडच्या गावाचं नाव सांगायची. मार्च २००९ मध्ये मी तिला नव्या जिवाणूंची बातमी वाचून दाखवली, तेव्हाही तिनं तेच विचारलं, "पण ते मूळचे कुठले?"

मी तेव्हा कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. बातमी आमच्याच शहरातली. एप्रिल २००५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इथल्या केंद्रातून एक अवाढव्य फुगा सोडला होता. त्याला टांगलेल्या सोळा पोलादी नळ्या आधी निर्जंतुक करून निर्वात केलेल्या. द्रवरूप निऑनच्या गारठ्यानं वरची हवा त्यांत ओढली जाई. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची ही हवा हैदराबादच्या सीसीएमबीत आणि पुण्याच्या एनसीसीएसमध्ये तपासली गेली. बारा जिवाणू, सहा बुरश्या. नऊ जणांचे सख्खे नातलग जमिनीवर सापडले. तीन जिवाणू मात्र अगदी नवे.

नवं ठरवणं सोपं नसतं. रंग देऊन पाहायचं, कुठली साखर पचते ते पाहायचं, पेशीतली स्निग्धद्रव्यं तपासायची, १६एस जनुक जुळवायचा. तरी शंका उरली तर जवळच्या नातलगाच्या डीएनएशी मेळ घालायचा. सत्तर टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर चूल वेगळी. सोयरीक ठरवताना आमच्याकडे एवढी चौकशी होत नाही!

एकाचं नाव जॅनिबॅक्टर हॉयली. जीवन अवकाशातून आलं असं मानणारे फ्रेड हॉयल हे जयंत नारळीकरांचे गुरू, आणि या प्रयोगाचे प्रमुख नारळीकरच. जॅनिबॅक्टर हे घराणं जुनंच. दोन तोंडांच्या रोमन देवावरून त्याचं नाव, कारण त्याच्या पेशी कधी गोल तर कधी दांड्यासारख्या दिसतात. घरात मराठी आणि दारात तेलुगू बोलणाऱ्या मला तो लगेच आवडला. इतर दोघे बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय.

तिघेही अतिनील किरणांना आपल्या नातलगांपेक्षा जास्त दाद न देणारे. मी वर्गात सांगून टाकलं, "हे आभाळातले पाहुणे." वास्तविक, यावरून ते पृथ्वीबाहेरचे असल्याचं निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असं इस्रोनं तेव्हाच म्हटलं होतं. ते वाक्य मी वाचलं होतं. वर्गात गाळलं.

पुढं आर्यभट्टाय शेतातल्या मातीत, झाडांच्या मुळांशी जागोजागी सापडू लागला. इस्रोनेन्सिसला सॉलिबॅसिलस घराण्यात हलवलं; त्या नावातच माती आहे. २०२० मध्ये आर्यभट्टायही बॅसिलस सोडून प्रीस्टिया झाला.

मध्यंतरी त्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. आता तीच शिकवते. म्हणाली, "मॅडम, तुमचे आभाळातले पाहुणे मी दरवर्षी सांगते." मी तिला गाळलेलं वाक्य सांगितलं. ती जरा गप्प झाली.

"मग मुलांना काय सांगू, मूळचे कुठले?"

"सापडले कुठं ते सांग. हैदराबादवरची हवा, एप्रिल २००५. आणि ते दुसरं वाक्यही सांग."