उलट्या मोजू नका, वजन मोजा

धाकट्या बहिणीला वसमत तालुक्यात दिलंय. हळदीचं घर. काढणी झाली की शेतातच कुकर लागतात, दिवसभर हळद शिजते आणि तो उग्र वास वाफेसकट कपड्यांत, अंथरुणात भरून राहतो. तिला दिवस गेले ते नेमके त्याच सुमारास. त्या वासाने सुरू झालेली मळमळ पुढे फोडणीने, भाताने आणि शेवटी नुसत्या पाण्याच्या घोटानेही उसळू लागली.

सासूबाई म्हणायच्या, "आम्हालाही झालं, चौथा लागला की थांबतं." बहुतेकींचं थांबतंही. पण शंभरात फार तर तिघींच्या वाट्याला हायपरएमेसिस ग्रॅव्हिडेरम येतो. त्यात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरतं, शरीर स्वतःचीच चरबी जाळू लागतं आणि लघवीत कीटोन दिसू लागतात.

बहीण ४६ किलोंवरून ४२ वर आली. भिंत धरून मोरीपर्यंत जायची. ओठ फुटलेले, लघवी गडद आणि दिवसातून जेमतेम एकदा. आशाताईंनी तिच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी पटकन मोडली नाही. "अंगात पाणीच नाही हिच्या," म्हणत त्यांनी हिंगोलीला न्यायचा धोशा लावला आणि त्या स्वतः सोबत आल्या.

सलाईनने दोन दिवसांत तिचे डोळे उघडले. त्याआधी तिला बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं. कित्येक दिवस पोटात काही न टिकलेल्या बाईला बी-१ शिवाय ग्लुकोज चढवलं तर मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. बी-१ दिलंय का, हे विचारायला सोबतच्या नातेवाइकांनी संकोचू नये. घरी आल्यावर डॉक्सिलामिन आणि बी-६ च्या गोळ्या चालू राहिल्या.

तरीही शेजारपाजारी "नाजूक आहे" हे ऐकू यायचंच. या बोलण्याचा मला फार राग येतो. डिसेंबर २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आलेल्या संशोधनाने दाखवलं की बाळाकडून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ-१५ हे प्रथिन या त्रासामागचं मोठं कारण आहे. गरोदरपणाआधी ज्या बाईच्या रक्तात ते कमी असतं, तिला त्याची सवय नसते आणि तिलाच जास्त भोगावं लागतं. हे संशोधन करणाऱ्यांपैकी मार्लेना फेजो यांनी १९९९ साली याच आजारात स्वतःचं बाळ गमावलं होतं. नाजूकपणाचा इथे काय संबंध?

बहिणीच्या उलट्या सहाव्या महिन्यापर्यंत पुरल्या. मग खरी काळजी सुरू झाली ती ३७ आठवडे भरण्याआधीच्या बाळंतपणाची. कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतातला २००६ चा अभ्यास इथे फार मोलाचा वाटतो. या आजारात ज्यांचं वजन संपूर्ण गरोदरपणात सात किलोंपेक्षा कमी वाढलं, त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळं जास्त होती. सात किलो किंवा जास्त वाढलेल्यांची बाळं इतर बायकांसारखीच निघाली. म्हणजे पहिले महिने वाईट गेले तरी पुढे भरून काढता येतं. स्वीडनमधल्या अभ्यासात, दुसऱ्या तिमाहीत दाखल व्हावं लागलेल्यांना रक्तदाबाचा आणि वार आधीच सुटण्याचा धोका जास्त दिसला.

त्यामुळे उपकेंद्रातला वजनकाटा आणि बीपीचं मशीन हेच तिचे आधार झाले. सातव्यापासून थोडं थोडं, दर दोन तासांनी खाणं सुरू झालं: भाजलेले फुटाणे, थंड ताक, गार भाकरी. गरम अन्नाचा वास नको म्हणून सगळं निववून.

तरी वजन पाचच किलो वाढलं. मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात झाली, २ किलो १०० ग्रॅमची. ती उलट्यांमुळेच लवकर आली असं एका बाळंतपणावरून सांगता येत नाही, आणि डॉक्टरांनीही तसं म्हटलं नाही. काही दिवस तिला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवलं. आता ती रांगते.

घरात कुणी पोटुशी असेल आणि दिवसभर पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा वजन उतरत असेल, तर चौथा महिना लागायची वाट पाहू नका. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, आणि तेवढंही थांबण्यासारखं नसेल तर १०८ ला फोन करा.