आजीची बाटली आणि चार चौपाट्या

मुंबईची थंडी म्हणजे काय चीज असते, ते मुंबईबाहेरच्या मुलांना कळायचं नाही. पारा जरा खाली उतरला की इथे लोक लगेच कानटोप्या काढतात. माझा भाचा मंगळवेढ्याचा. सकाळी सहाला मला स्वेटर घातलेलं बघून तो इतका हसला, की तो काढून पिशवीत टाकावा असं मला वाटलं. टाकला नाही मात्र!

भाचा सहावीत आहे. डिसेंबरात चार दिवस माझ्याकडे आला होता आणि समुद्र पहिल्यांदाच बघणार होता. त्याच्या पाठपिशवीत अर्ध्या लिटरची एक रिकामी बाटली होती. ती दिली होती त्याच्या आजीनं. आजी ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू. उभ्या आयुष्यात तिनं समुद्र पाहिलेला नाही. "मला काही यायला जमायचं न्हाई. तू थोडं पाणी आण. पण चांगलं बघून आण, कुठलंबी नको," एवढीच तिची मागणी.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? समुद्राला काय पाण्याची टंचाई? मलाही तसंच वाटलं होतं.

आदल्या रात्री आम्ही कॅलेंडर काढून बसलो. समुद्रावर जायचं तर भरती-ओहोटीची वेळ आधी बघावी लागते. कोकणातल्या खलाशांचा एक जुना हिशेब आहे, तुम्हीही करून बघा. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. दुसऱ्या दिवशी होती वद्य पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे दुपारी पावणेचारला पूर्ण भरती, आणि त्याच्या साधारण सहा तास आधी, सकाळी पावणेदहाला पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि भरतीही त्याच्यामागून तेवढीच उशिरा येते, म्हणून हा हिशेब जमतो. अर्थात हा ढोबळ आहे बरं का, तासभर मागेपुढे होतंच.

सकाळी घाटकोपरहून मेट्रोनं आम्ही वर्सोव्याला गेलो. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा पाणी दूर गेलं होतं. भाचा काहीच बोलेना. मला वाटलं, आता ओरडेल, धावत सुटेल. पण तो नुसता उभा. मग हळूच म्हणाला, "मावशी, पलीकडचं काहीच दिसत नाही गं!"

थोडं पुढे कोळीवाडा आहे. तिथे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी काठीवर टाकायची, ना दोरा ना खिळा! पावसाळ्यात हे काम होत नाही. कोरडी हवा आणि ऊन लागतं. वासाबद्दल मी काही लिहीत नाही. भाच्यानं नाकाला रुमाल लावला होता, तो बोंबील मोजण्याच्या नादात केव्हा खाली आला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

मग बाटली निघाली. भाचा ओल्या रेतीतून पाण्याकडे निघाला, तेवढ्यात जाळं निवडत बसलेल्या एका कोळीणबाईंनी हाक मारली, "काय भरतंस रं बाला?" त्यानं आजीचं सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंग आता नको भरू. आता ओहोटी हाय. सगल्या शहराची घान घेऊन पानी बाहेर चाललंय. भरतीचा भर. तो समिंदराचा पानी."

मी शाळेत शिकवते, भरती-ओहोटीच्या आकृत्या फळ्यावर काढते. पण ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मुंबईचे नाले, गटारं शेवटी येतात कुठे? समुद्रातच! बाटली परत पिशवीत गेली.

या वर्सोव्याचीच एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी हा किनारा कचऱ्यानं इतका भरला होता, की वाळू शोधावी लागे. ऑक्टोबर २०१५मध्ये अफरोज शाह नावाच्या वकिलांनी एका वयस्कर शेजाऱ्यांना बरोबर घेऊन कचरा उचलायला सुरुवात केली. दोघांचे शेकडो झाले. दर शनिवार-रविवारी लोक येत राहिले. आणि मार्च २०१८मध्ये इथल्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडून पाण्याकडे गेली! किनारा आज चकचकीत आहे असं मात्र समजू नका. आम्हालाही चपला आणि थर्माकोलचे तुकडे दिसलेच. समुद्र दर भरतीला नवा कचरा आणून टाकतो, म्हणजे आपणच दिलेला परत करतो.

तिथून रिक्षानं जुहू. इथे ओहोटीची खरी मजा. ओल्या वाळूवर बघावं तिकडे मुगाएवढ्या वाळूच्या गोळ्या, नक्षी काढल्यासारख्या पसरलेल्या. हे काम नखाएवढ्या खेकड्यांचं. ते वाळू तोंडात घालतात, तिच्यातले खाण्याजोगे कण काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतात. आपण पाऊल टाकलं की सगळे बिळात गडप. आम्ही दहा मिनिटं पुतळ्यासारखे उभे राहिलो, तेव्हा कुठे एक बाहेर आला. भरती आली की ही नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला पुन्हा नव्यानं सुरुवात.

जुहूच्या गोष्टी पुष्कळ आहेत. १९२४ साली अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर गांधीजी विश्रांतीला इथेच राहिले होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन आपलं छोटंसं विमान चालवत आले, ते इथल्याच जुहू विमानतळावर उतरले. भाच्याला पण आवडली ती २०११ची गोष्ट. त्या वर्षी जूनमध्ये एक मालवाहू जहाज ओढून नेताना दोर तुटला आणि ते वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतलं. ते निघतंय न निघतंय तोच जुलैअखेर दुसरं आलं. त्याच्यावर तर एकही माणूस नव्हता! खलाशांनी ते महिनाभर आधी ओमानजवळ सोडून दिलं होतं. "म्हणजे एवढा समुद्र ते एकटंच आलं?" भाच्यानं तीनदा विचारलं.

भेळ खाल्ली. भेळेबद्दल काय सांगायचं? महाग होती.

दादरला लोकलनं गेलो. शिवाजी पार्कच्या मागची ही चौपाटी चिंचोळी आहे. आम्ही गेलो तेव्हा भरती लागली होती आणि वाळू बघता बघता अरुंद होत होती. इथेच चैत्यभूमी आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर या किनाऱ्यावर अंत्यसंस्कार झाले. दर वर्षी ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात आणि जाताना पुस्तकं विकत घेऊन जातात. आम्ही स्तूपात जाऊन आलो आणि सावलीत डबा उघडला. समोर वांद्रे-वरळीचा सागरी सेतू दिसत होता.

जेवताना भाचा म्हणाला, "आमची चंद्रभागा पण इथेच येत असेल ना? आजी तिचं पाणी नेहमी देवापुढे ठेवते." मला घास खाली ठेवावा लागला. कारण गंमत अशी, की चंद्रभागा म्हणजे आपली भीमा, उगम पावते भीमाशंकरला. तिथून हा समुद्र सरळ रेषेत गेलं तर किती जवळ! पण सह्याद्रीनं तिला पाठ फिरवून दिली आहे. ती निघते पूर्वेला, पंढरपूर, मंगळवेढा ओलांडून रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि आंध्रात थेट बंगालच्या उपसागराला. आजीच्या नदीचं पाणी या समुद्राला कधी भेटतच नाही. तो बराच वेळ डब्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "मग हे न्यायलाच पाहिजे."

तीनच्या सुमारास चर्नी रोडला उतरून आम्ही गिरगाव चौपाटीवर आलो. पाणी आधीच काठोकाठ! खलाशांच्या हिशेबापेक्षा समुद्र थोडा लवकर आला होता. आकाशात कुरव पक्ष्यांची गर्दी. हे पाहुणे हिवाळ्यात उत्तरेकडून येतात. लोक त्यांना गाठ्या, शेव टाकत होते. तुम्ही मात्र टाकू नका. ते मासे खाणारे पक्षी, तळलेल्या शेवेनं त्यांचं पोट बिघडणार नाही तर काय? डावीकडे मरीन ड्राइव्हची कमान, आणि मलबार हिलच्या पोटातून २०२४मध्ये सुरू झालेला सुमारे २ किलोमीटरचा बोगदा. लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापाशी आम्ही थांबलो. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य गेले, तेव्हा लोटलेल्या जनसागरामुळे अंत्यसंस्कार याच वाळूत करण्यात आले. आणि १९३०मध्ये मिठाच्या सत्याग्रहात मुंबईच्या लोकांनी इथलंच पाणी आटवून मीठ केलं.

"इथलं भरू?" भाच्यानं विचारलं. मी त्याचा दंड घट्ट धरला. भरतीच्या वेळी लाट पायाखालची वाळू काढून नेते, गुडघाभर पाण्यातही मोठा माणूस पडतो. पहिल्या लाटेनं फक्त फेस दिला. दुसरीनं आम्हा दोघांना कमरेपर्यंत भिजवलं. तिसरीला बाटली भरली. उन्हात धरून बघितलं, तळाशी चिमूटभर वाळू आणि वर जवळजवळ नितळ पाणी. कुडकुडत बसलो दोघं. या वेळी माझ्या स्वेटरला कुणी हसलं नाही. तो मागून घेतला!

आठ दिवसांनी मंगळवेढ्याहून फोन आला. आजीनं अर्धं पाणी देवापुढे ठेवलं होतं आणि अर्धं परातीत ओतून माळवदावर उन्हात. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे परातीत आठ-नऊ ग्रॅम उरायला हवेत. तेवढा पांढरा थर बसला. खाऊ नका, असं मी बजावून सांगितलं होतं. आजीनं ऐकलं नाही. एक कण जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"मावशी, आजी म्हणते हे मीठ कडू आहे. कडू कसं?"

बरोबर आहे आजीचं. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते कडू लागतात. मिठागरात पाणी पूर्ण आटू देत नाहीत. मीठ खाली बसलं की वर राहिलेलं कडू पाणी काढून टाकतात. परातीत सगळंच राहिलं होतं.

फोनवर मागून आजीचा आवाज आला, "तिला विचार, गाडी कितीला असती मुंबईची?"