बापाचे राहिलेले काम

आईशी मुलाचे बोलणे दिवसभर चालते. बापाशी मात्र कामापुरतेच. ख्रिस्ताने शिष्यांना शिकवलेली प्रार्थना तर 'बापा' या हाकेनेच सुरू होते. ज्याला मायाळू बाप लाभला, त्याला ही हाक सोपी वाटते. पण ज्याने बापाचा धाकच अनुभवला, त्याच्या तोंडून ती कशी निघावी?

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे बालपण असेच गेले. १८६१ साली कोकणातल्या करजगावी त्यांचा जन्म झाला. वडील अतिशय तापट, तर आई प्रेमळ. ती गेली तेव्हा नारायण लहानच होता. आईवाचून घर ते काय, असे वाटून त्याने घर सोडले आणि नाशिक गाठले.

पुढे त्यांचे लग्न झाले, संसार मांडला, मुलगा झाला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात याचा परिणाम ठरलेलाच होता. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू एकीकडे राहिले आणि ते दुसरीकडे. देव सापडला, पण मुलगा दुरावला. जो स्वतः बापाच्या मायेवाचून वाढला, त्याच्याच मुलाला आता बापाविना दिवस काढावे लागले. श्रद्धेची किंमत श्रद्धा ठेवणारा एकटाच मोजत नाही. घरच्यांनाही ती मोजावी लागते.

तुटलेले धागे जुळायला काही वर्षे गेली. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नगरला आल्या. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या मनाला पटल्यावर. दत्तूला वडील पुन्हा मिळाले.

टिळकांची प्रार्थना अभंगांतून चाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, तशीच त्यांनी ख्रिस्तालाही आईच्या नात्याने साद घातली. लहानपणी हरवलेली माया त्यांना तिथे सापडली असावी. स्वभाव मात्र तापटच राहिला. भक्ताच्या घरीही भांडी आपटतात, राग-रुसवे होतात.

पुढे टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र काव्यात लिहायला घेतले. 'ख्रिस्तायना'चे दहा-अकरा अध्याय झाले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. काम अर्धवट राहिले.

मुलगा देवदत्त याला वडिलांचे चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून काढायला सांगितले. त्यातूनच 'स्मृतिचित्रे' जन्माला आली. आईने काही लपवले नाही. टिळकांचा राग, विसराळूपणा, हात सैल सोडून केलेले दानधर्म, ताटातुटीचे दिवस, सारे त्यात आले. मुलाने बापाला देव्हाऱ्यात बसवले नाही. तो जसा होता तसाच त्याला स्वीकारला. हे साधे नव्हे. बापाचे गुण गाणारी मुले पुष्कळ असतात, त्याचे दोष जाणूनही त्याच्यावर माया करणारी थोडी.

लग्नाआधी धड अक्षरओळखही नसलेल्या लक्ष्मीबाईंनी पतीचे काव्य पुढे नेले. त्यांनी चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या. तेव्हा शेवटचा अध्याय देवदत्ताने लिहिला आणि १९३८ साली 'ख्रिस्तायन' प्रसिद्ध झाले. बापाने आरंभलेली प्रार्थना आईच्या हातून मुलाकडे आली आणि तिथे पुरी झाली.

येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात परतणाऱ्या मुलाला पाहून बाप धावत जातो. इथे मुलगा बापाकडे गेला, लेखणी हातात घेऊन.

बाप-लेकांना जवळ येण्यासाठी दर वेळी मोठमोठ्या शब्दांची गरज नसते. बापाचे राहून गेलेले एखादे चांगले काम मुलाने हाती घेतले, तरी ती हाक पोहोचते. आणि श्रद्धावंताच्या लेखी तीही प्रार्थनाच असते.