गणेशखिंडीचा पाहुणचार

जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ 15 ऑगस्ट 1990 रोजी सुरू झालं. त्याआधी धुळे-जळगावकडची आमची सगळी महाविद्यालयं पुणे विद्यापीठाखाली होती. प्रश्नपत्रिका पुण्याहून यायच्या, उत्तरपत्रिका पुण्याला जायच्या, आणि अभ्यासमंडळाच्या बैठकीचं बोलावणं आलं की एखादे ज्येष्ठ सर रात्रीच्या एसटीनं मालेगाव, मनमाड, नगर करत पहाटे शिवाजीनगरला उतरायचे. आम्हा नव्या प्राध्यापकांच्या लेखी विद्यापीठ म्हणजे गुणपत्रिकेवरचा शिक्का आणि त्याखालची सही. ते विद्यापीठ आपलंही आहे, तिथल्या ग्रंथालयावर, वर्कशॉपवर, दवाखान्यावर धुळ्याच्या अधिव्याख्यात्याचाही हक्क आहे, हे मला 1984 साली कळलं, आणि त्यानंतरची तीन वर्षं मी तो हक्क अगदी भरभरून वापरला.

याला कारण एफआयपी. विद्यापीठ अनुदान आयोगाची ही योजना त्या पिढीतल्या प्राध्यापकांना वेगळी सांगायला नको. महाविद्यालयातल्या शिक्षकानं पीएच.डी.साठी विद्यापीठात जाऊन पूर्णवेळ काम करायचं, त्याचा पगार चालू राहायचा, आणि त्याच्या जागी जो बदली शिक्षक लागेल त्याचा पगार आयोग द्यायचा. शिवाय पुस्तकं, रसायनं, प्रवास यांसाठी आकस्मिक खर्चाची थोडी रक्कम. ही योजना ज्यांनी कुणी आखली असेल, त्यांना शिकवणं म्हणजे काय ते नेमकं ठाऊक असणार. आठवड्याला अठरा-वीस तास शिकवणाऱ्या माणसाला 'संशोधन करा' असं सांगणं सोपं. त्याला वेळ काढून देणं, आणि तोही त्याच्या घरची चूल न विझवता, ही खरी मदत. माझ्या जागी आलेला बदली शिक्षक पुढे आमच्याच विभागात कायम झाला. आयोगाच्या एका रजेनं दोन माणसं उभी राहिली, असं आम्ही दोघंही म्हणतो.

पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला तो परिसर चारशे अकरा एकरांचा. मुंबईच्या गव्हर्नरांचं पावसाळी निवासस्थान असलेली मनोऱ्याची मुख्य इमारत, भोवती वड आणि जुनी प्रचंड झाडं, आणि झाडांच्या आडोशाला विखुरलेले विभाग. 1949 साली विद्यापीठ स्थापन झालं आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले. त्यांच्याच नावाचं ग्रंथालय हा आम्हा बाहेरगावच्यांचा पहिला मुक्काम.

जयकरमध्ये पहिल्या दिवशी मी पुस्तक मागितलंच नाही. तालिकेच्या लाकडी कपाटांपुढे उभी राहून नुसते खण ओढत बसले. लांब, अरुंद खण. त्यात घट्ट बसवलेली कार्डं, कार्डांच्या पोटातून आरपार गेलेली सळई. बोटांनी कार्डं मागे-पुढे करताना विषयाशेजारी विषय भेटत जायचे. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात भौतिकशास्त्राचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली ग्रंथपालांच्या खिशात. इथे नियतकालिकांचे बांधीव खंड रांगेनं उभे, फिजिकल रिव्ह्यूचा हात लावाल तो खंड तुमच्या टेबलावर. नोंदवहीत सही करायची, एवढंच. 'तुम्ही कोण?' असं कुणी विचारलं आणि मी 'धुळ्याहून, टीचर फेलो' म्हटलं, की समोरच्या माणसाचा स्वर जरा मऊच व्हायचा.

तिथेच मला 'करंट कंटेंट्स'ची चटक लागली. फिलाडेल्फियाहून दर आठवड्याला निघणारी ती लहान आकाराची पुस्तिका. आत जगभरच्या संशोधनपत्रिकांच्या नुसत्या अनुक्रमणिका, आणि मागच्या पानांवर लेखकांचे पत्ते. आपल्याला हवा तो शोधनिबंध ज्या पत्रिकेत आहे ती जयकरमध्ये येत नसेल, तर लेखकालाच कार्ड पाठवायचं. विभागानं अशी कार्डं छापूनच ठेवली होती: 'आपल्या पुढील लेखाची प्रत पाठवल्यास आभारी होईन', खाली लेखाचं नाव आणि तारीख हातानं भरायची. परदेशी तिकिटांचा खर्च विभागाचा. शनिवारी दुपारी मी गठ्ठाभर कार्डं आवारातल्या पोस्टात टाकायची, आणि दीड-दोन महिन्यांनी जपानहून, पोलंडहून, कधी सोव्हिएत रशियातून तपकिरी लिफाफे यायला लागायचे. काही लेखक कोपऱ्यात शाईनं 'शुभेच्छांसह' लिहून सही करायचे. ज्यांचे शोधनिबंध आम्ही आदरानं वाचायचो, त्यांनी धुळ्याच्या एका अनोळखी शिक्षिकेसाठी स्वतःच्या हातानं पत्ता लिहिलेला असे. तेवढ्यानं रात्री अकरापर्यंत कामाला हुरूप यायचा. लिफाफ्यांवरची तिकिटं मी माझ्या मुलासाठी पाण्यात भिजवून सोडवून ठेवायची. तो तेव्हा आजीजवळ धुळ्यात होता, आणि आई पुण्यात नक्की काय करते याचा त्याच्यापाशी एकच पुरावा होता, तो म्हणजे ती तिकिटं.

जे जयकरमध्येही नसे आणि कार्डालाही ज्याचं उत्तर येत नसे, ते दिल्लीच्या इन्सडॉककडून मागवायचं. ही संस्था शास्त्रीय लेखांच्या प्रती काढून टपालानं पाठवायची. अर्ज, शुल्क, वाट पाहणं. पण यायचं.

आता वर्कशॉपबद्दल. विद्यापीठानं मला जे जे दिलं त्यात मी ग्रंथालयाच्या बरोबरीनं वर्कशॉपला मान देते, आणि याबाबतीत माझ्या कलाशाखेच्या मित्रमैत्रिणींशी माझा कायमचा वाद आहे. माझं काम पातळ थरांवरचं. काचेच्या मोठ्या हंडीखालची हवा पंपांनी ओढून काढायची, आत धातूची तार तापवून तिची वाफ करायची आणि ती वाफ काचेच्या पट्टीवर एकसारखी बसवायची. हवा काढायची म्हणजे बाहेरच्या दाबाच्या कोटीव्या हिश्श्याहूनही कमी दाबापर्यंत जायचं. एखाद्या जोडातून केसाच्या टोकाएवढी गळती असली तरी अख्खा दिवस वाया. अशा यंत्रणेत पंपातल्या तेलाची वाफ वर येऊ नये म्हणून काचेचा एक सापळा बसवतात: भांड्यात भांडं, मधल्या पोकळीतून वायूची वाट, आतल्या भांड्यात द्रव नायट्रोजन. बाजारात तो मिळत नसे. परदेशातून मागवायचा तर आकस्मिक खर्चाची सगळी रक्कम त्यातच जायची.

काच फुंकणाऱ्या काकांकडे मी एका शोधनिबंधातली आकृती घेऊन गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ती बराच वेळ पाहिली. 'मॅडम, हा जोड कागदावर बरोबर आहे. आपल्या काचेत थंड होताना तडकेल. मी खांदा जरा गोल देतो, चालेल?' चालेल का, हे ठरवायची माझी पात्रता नव्हती, पण त्यांनी मला विचारलं. मग ते बर्नरसमोर बसले. ज्योतीतला काचेचा पिवळा झगझगाट दिसू नये म्हणून डोळ्यांवर जांभळट काचांचा चष्मा, तोंडात रबरी नळीचं टोक, दोन्ही हातांत काचेची जाड नळी आणि ती एकसारखी फिरत असलेली. दोन्ही हातांचा वेग जराही कमी-जास्त झाला तर मऊ झालेली काच पिळवटते. ठरावीक क्षणी नळी ज्योतीबाहेर, एक बेताची फुंकर, आणि भिंत फुगून हव्या त्या गोलाईला येऊन थांबायची. जोड पुरा झाल्यावर भांडं लगेच हातात द्यायचे नाहीत. ते भट्टीत जायचं, रात्रभर सावकाश निवायचं. दुसऱ्या दिवशी दोन पोलरॉइडच्या काचांमध्ये धरून ते मला दाखवायचे: 'बघा, रंगीत पट्टे दिसत नाहीत ना? म्हणजे काचेत ताण राहिला नाही.' पुस्तकातलं प्रकाशाचं ध्रुवीकरण मी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. त्याचा असा उपयोग होताना मी पहिल्यांदा तिथे पाहिला. तो सापळा माझा प्रबंध पुरा होईपर्यंत टिकला. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात मार्गदर्शकांच्या पाठोपाठ काकांचं नाव आहे.

बाकीच्या सोयींचं काय सांगू? आरोग्य केंद्रात डॉक्टर असायचे आणि तापाच्या दिवसांत तिथली परिचारिका औषध घेतलंत का म्हणून रस्त्यात अडवून विचारायची. बँक, पोस्ट, रिफेक्टरी सगळं पायी जाण्याच्या अंतरावर. रिफेक्टरीत एका टेबलावर पाली शिकवणारे, भूगोलवाले, रसायनवाले बसायचे. मराठीच्या एका बाईंकडून मी तिथेच संध्याकाळच्या चहावर प्रबंधाचं मराठी टिपण सुधारून घेतलं होतं. खानदेशातली शेवभाजी सोडली तर मला तिथे काहीच कमी पडलं नाही.

1990 साली जळगावला विद्यापीठ झालं, याचा आनंद आम्हाला मनापासून झाला. मुलींना पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्यापर्यंत जाण्याची गरज उरली नाही. पण आता आम्ही पुण्याचे राहिलो नाही, जयकरचं दार आपल्याला परकं झालं, अशी एक हुरहुर होतीच. ती घालवली आयुकानं.

आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र. अनुदान आयोगानं 1988 मध्ये पुणे विद्यापीठाच्याच आवारात ते स्थापन केलं आणि डॉ. जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक झाले. नावातलं 'आंतरविद्यापीठीय' हे तिथे अक्षरशः पाळलं जायचं. देशातल्या कुठल्याही विद्यापीठातला, महाविद्यालयातला शिक्षक असो, केंद्र त्याच्यासाठीच होतं. खगोलशास्त्रात काम करणाऱ्यांना तीन वर्षांसाठी सहयोगी म्हणून निवडायचे. त्यांनी वर्षातून काही काळ यावं, राहावं, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत, येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च केंद्राचा. माझ्यासारख्या या विषयाबाहेरच्या शिक्षकांसाठी रिफ्रेशर कोर्स असायचे. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या त्या वास्तूत, काळ्या दगडी भिंतींमधल्या कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. आम्ही वेगवेगळ्या गावांचे शिक्षक जेवणाच्या सुट्टीत तिथल्या पायऱ्यांवर बसायचो. नारळीकर सर सहज येऊन गटात उभे राहायचे आणि आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा कशी आहे ते विचारायचे. 2025 च्या मे महिन्यात ते गेले. वर्तमानपत्रांत त्यांच्या सिद्धान्तांवर, विज्ञानकथांवर पुष्कळ आलं, आणि यायलाच हवं होतं. पण आडगावच्या शिक्षकाला देशातल्या उत्तम संस्थेत खोली, टेबल आणि ग्रंथालयाचं कार्ड मिळेल अशी व्यवस्था त्यांनी उभी केली, हेही त्यांच्या मोठ्या कामांत मोजलं पाहिजे.

आणखी एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आज महाविद्यालयांतले शिक्षक एन-लिस्टवरून घरबसल्या हजारो संशोधनपत्रिका वाचतात. ते ज्या इन्फ्लिबनेटमार्फत मिळतं, त्याची सुरुवात 1991 मध्ये आयुकातला एक प्रकल्प म्हणून झाली. 1996 मध्ये ती गुजरातेत स्वतंत्र संस्था झाली. जयकरच्या खणांपासून मोबाइलपर्यंतचा हा रस्ता गणेशखिंडीतूनच गेला.

आयुकात दुर्बीण तयार करण्याची कार्यशाळा व्हायची. तिथे मी सहा इंची आरसा घासला. पिंपावर ठेवलेल्या दोन जाड काचेच्या चकत्या, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड. वरची चकती पुढे-मागे ढकलायची, थोडी फिरवायची, आपण स्वतः पिंपाभोवती पाऊलभर सरकायचं, पुन्हा ढकलायची. भरड पुडीचा आवाज करकरीत, बारीक पुडीचा जवळजवळ नाहीच. वरची काच आपोआप खोलगट होत जाते. शेवटी डांबराच्या थरावर सेरियम ऑक्साइड लावून चकाकी आणायची आणि फूकोच्या चाचणीनं तपासायचं. त्या चाचणीत आरशावर नुसता अंगठा क्षणभर टेकवला तरी उबेनं तिथे उंचवटा आलेला दिसतो. ॲल्युमिनियमचा थर देऊन तो आरसा मी धुळ्याला आणला आणि 1997 च्या मार्च-एप्रिलमध्ये आमच्या कॉलेजच्या गच्चीवरून गावातल्या लोकांनी त्यातून हेल-बॉप धूमकेतू पाहिला. रांग जिन्यावरून खाली रस्त्यापर्यंत जायची. डोक्यावरचा पदर सावरत एका आजीनं डोळा लावला आणि म्हणाली, 'माय वं, याले त शेपूट शे!'

ती दुर्बीण अजून आमच्या विभागात आहे. विभागात सध्या माझाच एक विद्यार्थी शिकवतो, तासिका तत्त्वावर. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या. त्याच्याकडे एन-लिस्टचा पासवर्ड आहे आणि मला 1984 मध्ये जे वाचायला महिने लागायचे ते तो रात्रीतून वाचतो. पण एफआयपीसारखी रजा त्याला मागताच येत नाही, कारण रजा घ्यायला आधी नोकरी कायम असावी लागते. कायम जागा भरा, म्हणजे या सोयी पुन्हा शिक्षकाच्या हाताला लागतील, हे मी जिथे बोलायची संधी मिळते तिथे बोलते आणि बोलत राहणार आहे.

आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर आता विटला आहे. दिवाळी झाली की तो घेऊन आम्ही दोघं पुण्याला जाणार आहोत. फोन करून ठेवला आहे. थर चढायला अर्धा दिवस पुरतो. उरलेल्या अर्ध्या दिवसात त्याला जयकर दाखवायचं, वर्कशॉप दाखवायचं आणि आयुकाच्या पुढच्या रिफ्रेशर कोर्सचा अर्ज केव्हा निघतो ते तिथल्याच माणसांना विचारून घ्यायचं, असं ठरलं आहे.