मॅनहोलपाशी उभा माणूस

गळीत हंगाम संपला की आमच्या कारखान्यात टाक्या साफ करायची कामं निघतात. त्याआधी डिस्टिलरीतल्या आम्हा लोकांना बंदिस्त जागेत उतरण्याचं आणि आत पडलेल्याला बाहेर काढण्याचं प्रशिक्षण मिळालं. माझ्याकडे अटेंडंटचं काम आलं. त्यानं मॅनहोलपाशी उभं राहायचं, आतल्याशी बोलत राहायचं आणि काहीही झालं तरी आत जायचं नाही.

सरावासाठी आमच्यातला एक जण हार्नेस चढवून रिकाम्या, तपासलेल्या टाकीत उतरला आणि ठरल्याप्रमाणे निपचित पडला. मी हाका मारल्या. ओ नाही. सगळं ठरवून चाललंय हे माहीत असूनही पाय शिडीकडे ओढ घेत होते. वॉकीटॉकीवर कळवलं, ट्रायपॉडची विंच फिरवायला लागलो. विंच फार सावकाश फिरते. तेवढ्या वेळात हात चालू ठेवून पाय जागेवर रोवून धरणं, हेच मला या प्रशिक्षणातलं सर्वांत अवघड काम वाटतं.

पाय असे रोवून धरले नाहीत तर काय होतं? एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी शेणाच्या स्लरीनं भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला आणि मग एकामागून एक त्याच्या मागे गेले. पाच जण दगावले. कमरेला दोर बांधून उतरलेला एक जण वाचला. अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेनं १९८६ सालीच बजावलं होतं, की बंदिस्त जागांतल्या मृतांत ६० टक्क्यांहून जास्त जण वाचवायला गेलेले असतात. ही माणसं बेफिकीर नव्हती. माया होती म्हणूनच धावली.

स्वच्छ दिसणारी टाकीही जीव घेते. बंद लोखंडी टाकीत गंज चढताना प्राणवायू खर्ची पडतो. हवेत तो २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की गॅस मोजणारा मीटर ओरडतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे धोका टळला, असं समजणारा तिथेच फसतो. म्हणून मीटर दोरीनं सोडून वर, मध्ये आणि तळाशी वेगवेगळं मोजायचं.

टाकीत प्रत्यक्ष उतरतात ती कंत्राटी माणसं, आणि पहिल्या बॅचला नेमकी तीच नव्हती. मला हे अजिबात पटलं नाही, तसं मी बोललोही. दुसऱ्या बॅचला ती आली. त्यांच्यातल्या एका काकांनी विचारलं, "गावच्या विहिरीत आम्ही आधी कंदील सोडून बघतो. ते चालतं का?"

प्रशिक्षक सरांनी हातातलं सगळं बाजूला ठेवलं. "काका, कंदील विझला तर प्राणवायू कमी, एवढंच कळतं. विषारी गॅस माणसाला मारण्याइतका असला तरी कंदील जळतच राहतो. आणि खाली मिथेन असला तर भडका उडेल. मीटर नसेल तर उतरायचं नाही. १०१ ला फोन करा."

"आणि ते येईपर्यंत?"

"दुसऱ्या कुणाला उतरू देऊ नका."